परसातील तळ्याच्या गाळणीविषयी



परसातील माशांच्या तळ्यासाठी गाळण माध्यम घ्यायला गेले की दुकानदार त्याच्या पृष्ठभागाचे आकडे पुढे करतो. परंतु ज्याला ती गाळणी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने सांभाळायची आहे, त्याने त्या माध्यमात घाण किती अडकेल आणि अडकलेली निघेल कशी, एवढेच आधी पाहावे. गाळण माध्यम म्हणजे गाळणीच्या पिंपात किंवा पेटीत भरलेला खडी, स्पंज, प्लास्टिकचे तुकडे असा भराव, ज्यातून तळ्याचे पाणी सतत फिरत राहते. त्याच्याकडून दोन कामांची अपेक्षा असते. पहिले काम यांत्रिक गाळणाचे, म्हणजे विष्ठा, उरलेले खाद्य, पालापाचोळा आणि वाऱ्याने आलेली धूळ अडवण्याचे. दुसरे जैविक गाळणाचे: माशांच्या कल्ल्यांवाटे पाण्यात उतरणाऱ्या विषारी अमोनियाचे काही जिवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जिवाणू त्या नायट्राइटचे बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे न राहता कशाला तरी चिकटून बुळबुळीत थर धरतात. ही दोन्ही कामे एकाच भरावावर सोपवली की गाळ त्या थरावर बसतो, थरापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही, आणि गाळ काढण्यासाठी भराव खसखसून धुतला की जिवाणूही वाहून जातात. देखभालीचा सारा जाच या एका चुकीच्या जोडणीतून उद्भवतो, आणि कोणतेही महागडे माध्यम तो दूर करू शकत नाही.

जळगाव जिल्ह्यात या चुकीला एक खास स्थानिक वाट आहे. भवरलाल जैन यांनी १९८६ साली जळगावात स्थापन केलेल्या जैन इरिगेशनमुळे ठिबक सिंचन या भागाच्या अंगवळणी पडले, आणि केळीच्या मळ्यात सँड फिल्टर, स्क्रीन फिल्टर, बॅकवॉश हे शब्द रोजचे झाले. त्यामुळे मळ्यातील जुना सँड फिल्टर तळ्याला जोडून टाकावा, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो विचार सोडून द्यावा. ठिबकचा सँड फिल्टर ड्रिपरची बारीक छिद्रे तुंबू नयेत म्हणून असतो. त्यातून विहिरीचे पाणी एकदाच, मोठ्या दाबाने जाते. तळ्यातील चिकट सेंद्रिय गाळ त्याच वाळूत गेला की वाळूची ढेपळे होतात, पाणी त्यांना बगल देऊन स्वतःपुरते बोगदे पाडते, दाबासाठी मोठी मोटर रात्रंदिवस चालवावी लागते आणि प्रत्येक बॅकवॉशला, म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुताना, पिंपे भरून पाणी सोडावे लागते. नळाला रोज पाणी येईलच अशी खात्री नसलेल्या गावात हा खर्च कोणालाही परवडत नाही.

वाळू उत्तम गाळते, हे मात्र खरेच आहे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ साली रुजू होऊन आरंभीच्या काळात धुळे भागात पांझरेच्या एका प्रवाहावर नळाचा सायफन बांधणारे अभियंते विश्वेश्वरय्या पुढे सिंधमधील सक्कर येथे गेले, तेव्हा गाळणीच्या मोठ्या बांधकामाला पैसा नसल्यामुळे त्यांनी नदीपात्रातच विहीर घेऊन वाळूतून आपोआप झिरपलेले पाणी शहराला दिले. तेथे वाळूला जागा भरपूर होती आणि पाण्याला घाई नव्हती. परसात मात्र तसे नसते: तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल तळ्यात ६००० लिटर पाणी मावते, आणि ते दर दोन तासांनी एकदा गाळणीतून जावे असे धरले तर ताशी ३००० लिटर पाणी गाळावे लागते. संथ वाळू गाळणीत पाणी ताशी वीसेक सेंटीमीटरच खाली उतरते, म्हणजे त्यासाठी १५ चौरस मीटर वाळू पसरावी लागेल, आणि मूळ तळे तर ६ चौरस मीटरचे आहे.

खानदेशच्या हवापाण्याचाही निवडीत विचार व्हावा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातील मुक्त रूप माशांना मारक असते. पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा अंक, आणि तापमान वाढले की या मुक्त रूपाचे प्रमाण वाढते. ३० अंश सेल्सियसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग मुक्त असतो, सामू ८ झाला की तो सात-आठ टक्क्यांवर जातो, आणि ९ झाला की चाळीस टक्क्यांपलीकडे. बोअरचे जड पाणी मुळातच अल्कधर्मी, त्यात शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्याचा सामू दुपारी आणखी चढतो, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. म्हणून पुण्यात खपून जाणारी ढिलाई जळगावात किंवा धुळ्यात खपत नाही. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांच्या पाण्यात सातच्या आत. जिवाणूंनाही त्यातूनच वाटा हवा असतो.

घाण अडकण्या-निघण्याच्या आणि या हवापाण्याच्या कसोटीवर प्रचलित माध्यमे भराभर गळतात. खडी स्वस्त आणि टिकाऊ असते, पण पिंपाच्या तळाशी तिच्यात साचलेला गाळ काढायचा तर मणभर दगड उपसावे लागतात. स्पंज पाणी नितळ करतो आणि उन्हाळ्यात आठवड्याच्या आत तुंबतो. सिरॅमिक रिंगच्या सूक्ष्म छिद्रांचे कौतुक फार होते, परंतु जड पाण्यात ती छिद्रे क्षारांनी आणि गाळाने बुजतात, आणि मग मोजलेली किंमत बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागापुरतीच उरते. सच्छिद्र झिओलाइट अमोनिया शोषतो खरा, पण पाण्यातील इतर क्षारही त्याच जागा अडवतात आणि तो भरला की मिठाच्या पाण्यात भिजवून पुन्हा मोकळा करावा लागतो. त्याच तळ्यात कधी माशांच्या औषधासाठी मीठ टाकले, तर धरलेला अमोनिया तो परत सोडतो. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या खाणींतील झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. ते काचेच्या कपाटातच शोभतात.

कमी देखभालीसाठी मोठ्या पोकळ्यांचे, गुळगुळीत, न कुजणारे आणि वजनाला हलके माध्यम घ्यावे. नॉर्वेत सांडपाण्यासाठी विकसित झालेली चाकांच्या आकाराची प्लास्टिक माध्यमे भारतात एमबीबीआर मीडिया या नावाने मिळतात, आणि त्यांपैकी प्रसिद्ध प्रकाराच्या एका घनमीटरला सुमारे ५०० चौरस मीटर उपयुक्त पृष्ठभाग असतो. परंतु केळीच्या मुलखात त्याहून स्वस्त वस्तू बांधावर पडलेली असते, ती म्हणजे ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी. तिच्या एका मीटरला आतून-बाहेरून मिळून सुमारे ९०० चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग भरतो. रोज १०० ग्रॅम खाद्य टाकले तर त्यातून अमोनियाच्या रूपात सुमारे ३ ग्रॅम नत्र तयार होते; एक चौरस मीटरवरील जिवाणू दिवसाला ०.२ ग्रॅम निभावतात असा हात राखून हिशेब केला, तरी १५ चौरस मीटर पुरतात, म्हणजे २०० मीटर नळीत काम भागते. पाने, धूळ आणि पाहुण्यांच्या मुलांनी फेकलेले मुरमुरे लक्षात घेऊन ४०० मीटर घ्यावी.

नळ्यांची पंचवीस-तीसची जुडी बांधून बोटभर लांबीचे तुकडे करवतीने पाडावेत, क्षार बसले असतील तर मळ्यात नळ्यांना देतात तशी सौम्य आम्लप्रक्रिया देऊन भरपूर पाण्याने धुवावेत, आणि ज्या नळ्यांतून कीटकनाशक सोडले गेले असेल त्या मुळीच घेऊ नयेत. हे तुकडे कांद्याच्या जाळीदार गोण्यांत सैलसर भरून भाजीच्या कॅरेटमध्ये ठेवावेत आणि तीन-चार कॅरेट एकावर एक रचून वरून पाणी शिंपडावे. या रचनेला ठिबक गाळणी न म्हणता झिरप गाळणी म्हणणे बरे, नाहीतर घरातले गोंधळतील. तिचा खरा गुण लाईट गेल्यावर दिसतो. बंद पिंपात बुडालेल्या माध्यमातील प्राणवायू पंप थांबला की लवकरच संपतो, जिवाणू गुदमरतात, आणि वीज आल्यावर तेच सडके पाणी तळ्यात ढकलले जाते. झिरप गाळणीतील पाणी मात्र निथळून जाते, आणि ओलसर तुकड्यांवर हवेतला प्राणवायू खेळत राहिल्याने जिवाणू कित्येक तास तग धरतात. चालू असताना ती घरच्या कूलरप्रमाणे पाणी थोडे गारही करते, फक्त कूलरसारखेच पाणी उडते. त्यासाठी कॅरेटभोवती शेडनेट आणि माथ्यावर झाकण असावे, म्हणजे दुपारच्या झळांनी वरचा थर सुकणार नाही.

गाळ झिरप गाळणीपर्यंत पोहोचूच नये, याची व्यवस्था तिच्याआधी करावी. तळ्याच्या बुडातून निघालेला जाड पाइप २०० लिटरच्या निळ्या पिंपात असा सोडावा की पाणी कडेने गोल फिरत शिरेल आणि जड घाण मधोमध तळाशी बसेल; पिंपातील पाण्याची पातळी तळ्याइतकीच ठेवावी, म्हणजे पाणी पंपाविना वाहत येते. पिंपाच्या वरच्या भागात शेडनेटच्या सैल गुंडाळ्या टाकाव्यात आणि पंप त्यांच्यापुढे, झिरप गाळणीच्या ऐन आधी ठेवावा. पंप तळ्यातच टाकण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि ती सर्वांत वाईट. पंपाचे पंखे विष्ठेचे बारीक पीठ करतात, आणि जे सहज खाली बसले असते ते प्रत्येक माध्यमातून निसटून पाणी गढूळ ठेवते. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर पाइपच्या तोंडाला जाळी बसवावी.

मग देखभाल उरते ती पिंपाच्या तळाचा कॉक आठवड्यातून एकदा उघडण्याची आणि गुंडाळ्या झटकण्याची. ते काळे पाणी केळीला किंवा कर्दळीला घालावे. कॅरेटमधील तुकडे वर्षभर हलवू नयेत. हलवावेच लागले तर तळ्याच्याच पाण्यात विसळावेत, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारते.

गाळणी मे महिन्यात सुरू करू नये, आणि धुळ्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही नको, कारण गारठ्यात जिवाणू फार संथ वाढतात. पाऊस ओसरल्यावर, आश्विनाच्या सुमारास, पाणी फिरते करून चार-पाच मासेच सोडावेत, खाद्य चिमूटभर ठेवावे आणि अमोनियाची चाचणी दर दोन दिवसांनी करावी. जिवाणूंचा थर बसायला महिना-दीड महिना लागतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय पुढचे मासे आणू नयेत, मग दुकानदार कितीही सवलत देवो.