आतड्याला पीळ : जीव कशामुळे धोक्यात येतो?

घरातील आजोबांचे पोट सकाळपासून फुगले आहे. संडास झाली नाही, वारा सरत नाही, मधूनमधून कळ येते. कोणी म्हणते वायगोळा आहे, कोणी हिंग लावते, कोणी एरंडेल पाजते. रात्र निघते, दुसरा दिवसही जातो. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर सांगतात, "आतड्याला पीळ पडला होता, आता आतडे काळे पडले आहे." असे प्रसंग आपल्या घरांत, वस्त्यांत घडतात. म्हणून या वेळी आपण हा आजार समजून घेऊ. त्यात धोका कशाने वाढतो आणि त्यातले आपल्या हातात काय आहे, तेही पाहू.

पीळ पडतो म्हणजे काय होते?

आतडे पोटाच्या मागच्या भिंतीला एका पातळ पडद्याने जोडलेले असते आणि त्याच पडद्यातून त्याला रक्त मिळते. काहींच्या मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ज्याला सिग्मॉइड म्हणतात, जन्मतः लांब व सैल असतो किंवा अनेक वर्षांच्या बद्धकोष्ठतेने तसा होतो. हा भाग स्वतःभोवती फिरला की दोन्ही टोके बंद होतात. आत वायू व मळ कोंडतो, पोट नगाऱ्यासारखे फुगते. ओल्या कपड्याला पीळ द्यावा तशा रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. रक्त पूर्ण थांबले तर काही तासांतच आतडे मरू लागते. यालाच गँगरीन म्हणतात. पुढे आतडे फुटले तर मळ पोटात पसरतो आणि जंतुसंसर्ग रक्तात जातो.

पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचा आजार मानला जातो. आपल्या देशात मात्र त्याहून कमी वयाच्या, कामाधंद्यातल्या पुरुषांतही तो आढळतो. त्यामुळे "अजून वय कुठे झाले आहे" असे म्हणून गाफील राहू नये.

धोका कोणाला अधिक?

*उशिरा पोहोचणाऱ्यांना.* सर्वांत मोठे कारण हेच. आतडे जिवंत असताना पीळ सुटला तर बहुतेक रुग्ण वाचतात. गँगरीन झाल्यावर मात्र मृत्यूचा धोका कितीतरी वाढतो.

*वृद्धांना.* उतारवयात शरीराची झुंजण्याची ताकद कमी असते. शिवाय म्हाताऱ्या माणसांना वेदना कमी जाणवू शकतात. आजी-आजोबा फारसे कण्हत नाहीत, म्हणून आजार किरकोळ आहे असे समजू नये.

*मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांना.* उलट्यांमुळे आणि आतड्यात पाणी साचल्यामुळे शरीर कोरडे पडते. त्याचा ताण मूत्रपिंडावर व हृदयावर येतो. तातडीची शस्त्रक्रियाही अशा रुग्णांना जड जाते.

*अंथरुणाला खिळलेल्यांना, पक्षाघाताच्या, कंपवाताच्या व मानसिक आजाराच्या रुग्णांना.* हालचाल कमी आणि काही औषधांनी होणारी बद्धकोष्ठता यांमुळे पीळ पडण्याची शक्यता वाढते. त्यातच त्यांना आपला त्रास नीट सांगता येत नाही. म्हणून त्यांचे पोट फुगले आहे का, संडास कधी झाली, हे घरच्यांनी रोज पाहावे. औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

*गर्भवती स्त्रियांना.* पोट वाढलेले असतेच, उलट्या आणि बद्धकोष्ठताही गरोदरपणात नेहमीच्या. त्यामुळे निदान लांबते आणि दोन जीव धोक्यात येतात.

*नवजात बाळांना.* बाळांमध्ये पीळ बहुधा लहान आतड्याला पडतो. बाळाला हिरवी उलटी झाली तर पोट फुगलेले नसले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

*आधी एकदा पीळ सुटलेल्यांना.* याविषयी पुढे सांगतो.

ही लक्षणे दिसताच थांबू नका

पोट फुगणे, संडास व वारा दोन्ही बंद होणे आणि पोटात कळ, ही तीन एकत्र आली की रुग्णालयात जावे. थांबून थांबून येणारी कळ सतत राहू लागली, पोट दगडासारखे कडक झाले, ताप आला, नाडी जलद झाली, संडासवाटे रक्त गेले, लघवी कमी झाली किंवा रुग्ण भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर आतडे मरत असण्याची शक्यता असते.

अशा वेळी जुलाब किंवा एरंडेल देऊ नये, घरी एनिमा देऊ नये, पोट चोळून घेऊ नये, अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नये. खायला-प्यायलाही काही देऊ नये. वेदनेचे इंजेक्शन घेऊन घरी परतू नये, कारण त्याने कळ दबते, पीळ तसाच राहतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे. सोबत चालू औषधे, रेशन कार्ड व आधार कार्ड ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत रुग्णाला घरी ठेवू नये.

रुग्णालयात काय होते?

सलाईन लावतात, नाकातून नळी घालतात, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतात. सिग्मॉइडचा पीळ असून आतडे जिवंत वाटत असेल, तर गुदद्वारातून दुर्बीण घालून तो सोडवता येतो. वायू व मळ बाहेर पडतो आणि रुग्णाला लगेच हलके वाटते.

इथेच दुसरी चूक होते. बरे वाटले म्हणून घरचे रुग्णाला घेऊन जातात. पण आतडे अजून तितकेच लांब व सैल असते. नुसत्या दुर्बिणीने सोडवलेला पीळ निम्म्याहून अधिक रुग्णांत पुन्हा पडतो आणि पुढच्या वेळी वेळेवर पोहोचता येईलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, "तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया कधी करायची?" तब्येत सावरल्यावर ठरवून केलेली शस्त्रक्रिया तातडीच्या शस्त्रक्रियेपेक्षा बरीच सुरक्षित असते.

गँगरीन झाले असेल तर मात्र लगेच पोट उघडून मेलेला भाग काढावाच लागतो. अनेकदा आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावतात. पिशवीच्या लाजेने किंवा "लोक काय म्हणतील" या भीतीने काही कुटुंबे सही द्यायला तासन् तास घेतात. तेच तास जिवावर बेततात. पुष्कळ रुग्णांची पिशवी काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढता येते. काहींना ती कायम ठेवावी लागते, पण पिशवीसह माणूस काम करतो, प्रवास करतो, चारचौघांत वावरतो.

वय, जुने आजार, आतड्याची लांबी आपण बदलू शकत नाही. घरातून निघायला लागणारा वेळ मात्र बदलू शकतो. फुगलेले पोट आणि बंद झालेला वारा दिसला की सकाळची वाट न पाहता निघावे. ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना वाचून दाखवावी, एवढीच आमची विनंती.