होडी पाण्यावर चढते कशी?

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे लहान मोटारहोड्या पाहुण्यांना फिरवून आणतात. दोन माणसे असली की होडी भरधाव जाते. आठ बसली की नाक वर करते नि मागून बसते. मोटार ओरडते, तेल जळते, पण वेग येत नाही. असे का होते? आपण पाहू.

चपटा दगड जोराने भिरकावला, तर तो पाण्यावरून उड्या मारीत जातो. हळूच सोडला, तर बुडतो. होडीचेही तसेच. वेग कमी असला म्हणजे ती पाणी कापीत चालते. वेग वाढला म्हणजे पाणी तिला खालून उचलते. मग ती पाण्यावरून घसरत जाते. ओझे जड, तर जोरही जास्त लागतो.

मग आपण काय करावे?

१. तळातले पाणी उपसावे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १५ लिटरच्या ४ बादल्या म्हणजे एक माणूसच!

२. तळाचे शेवाळ, शिंपले खरवडावेत.

३. सगळ्यांना मागे बसवू नये. काहींना पुढे सरकवावे. धावत्या होडीत कोणी उठू नये.

४. निघताना मोटारीचा पंखा होडीच्या अंगाकडे घ्यावा. होडी चढली की थोडा बाहेर सोडावा.

एवढे करूनही होडी चढत नाही? मग ओझेच जास्त आहे. दोन खेपा कराव्यात. ठरलेल्या आकड्याहून एकही माणूस जास्त घेऊ नये. खेप वाढली तर तेल जाते. होडी उलटली तर माणूस जातो.