एकाच संगणकावर संकेतस्थळ उघडत नसेल तर

आपल्या मिशनच्या वसतिगृहांत देणगीत आलेले जुने संगणक पुष्कळ आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की मला हमखास फोन येतो : "दोन संगणकांवर संकेतस्थळ उघडतं, तिसऱ्यावर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं." मग कोणी ब्राउझर काढून पुन्हा घालतो, कोणी थेट विंडोज बदलायला निघतो. तेवढ्यात अर्जाची मुदत सरते.

दोन संगणक चालतात, म्हणजे संकेतस्थळ आणि इंटरनेट ठीक आहे. दोष त्या यंत्रात. मी विचारतो, "खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचा बरं." बहुधा वर्ष मागचं निघतं. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. संगणकाच्या घड्याळात २००९ साल असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो अडवतो. त्या वेळी 'तरीही पुढे जा' मात्र दाबू नका. अर्जात मुलांचे आधार आणि बँक खात्याचे क्रमांक असतात.

तारीख, वेळ दुरुस्त करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. वीज गेल्यावर तारीख परत मागे गेली, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर २०३२, ३ व्होल्टची असते; घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलताना आधी प्लग काढा, अधिक चिन्हाची बाजू पूर्वीसारखीच ठेवा. बॅटरी येईपर्यंत रोज सकाळी तारीख हाताने लावा आणि अर्ज भरत राहा.