मोरांसाठी धावायचंय? आधी हिशेब मांडा

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ सालचं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. उन्हाळ्यात तिथल्या पाणवठ्यांत टँकरनं पाणी सोडायचं, तर पैसा लागणार. त्यासाठी दौड भरवावी, ही कल्पना चांगलीच आहे. धावपटू अविनाश साबळेच्या या जिल्ह्यात धावणाऱ्यांची वानवा नाही. अडचण एवढीच, की जमलेला पैसा बहुतेक वेळा दौडच खाऊन टाकते.

समजा ३०० जण, प्रत्येकी ४०० रुपये शुल्क. जमा १ लाख २० हजार. आता टी-शर्ट १८०, पदक ८०, नाष्टा-पाणी ७०, छातीवरचा नंबर (बिब) आणि वेळ मोजणारी चिप १०० धरा. माणशी ४३० झाले! रुग्णवाहिका, मंडप, बक्षिसं अजून बाकीच. (दर गावागणिक हलतात, तीन कोटेशनं मागवाच.) टी-शर्ट आणि चिप काढून टाका, पाच किलोमीटरला साधं घड्याळ पुरतं. गेंडा वाचवण्याचा संदेश द्यायला रोहित शर्मानं २०२१च्या आयपीएलमध्ये गेंडा बुटांवरच रंगवून घेतला होता. तुम्ही मोर कागदी बिबवर छापा, १० रुपयांत. खर्च माणशी १६०वर येतो, हातात ७२ हजार उरतात. मंडप-बक्षिसांसाठी गावातले दुकानदार गाठा.

दौड अभयारण्याच्या हद्दीबाहेरच घ्या. आत शिरायला परवानगी लागते आणि स्पीकरचा गोंगाट मोरांनाही नको असतो. पावसाळा त्यांच्या विणीचा, म्हणून तारीख हिवाळ्यातली धरा.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा मागताना लोक हमखास फसतात. मॅरेथॉनसारखा एकदाच होणारा कार्यक्रम सीएसआरमध्ये धरला जाणार नाही, असं केंद्र सरकारनं २०१४च्या परिपत्रकातच म्हटलं होतं. वन्यजीव संरक्षण मात्र कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसतं. तेव्हा अर्ज पाणवठ्यांचा करा, दौडीचा नको. सहकारी साखर कारखान्याला हा कायदा लागू नाही. तो देईल ते खुशीनं. जिल्ह्यात पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांकडे जा. निव्वळ नफा ५ कोटींच्या वर असेल, तर त्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावेच लागतात आणि त्यात स्थानिक भागाला प्राधान्य असतं. पण पैसे घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी, प्राप्तिकराची बारा-ए, ऐंशी-जी मान्यता आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. कालपरवा काढलेल्या मंडळानं एखाद्या जुन्या संस्थेचं बोट धरावं.

अर्जात ‘नामशेष होणारा मोर’ लिहू नका. कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, पण जागतिक यादीत तो संकटग्रस्त नाही. अतिसंकटग्रस्त आहे तो माळढोक, आणि त्याचं अभयारण्य सोलापूर-अहिल्यानगरकडे. कंपनीतला माणूस हे मोबाइलवर दोन मिनिटांत तपासतो.

ऐंशी-जीची सवलत हवी असलेल्या देणगीदाराकडून २ हजारांवरची रक्कम रोखीनं घेऊ नका. यूपीआय किंवा चेक घ्या. अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला, तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर हरकत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती विदेशी देणगी ठरते आणि विदेशी देणगी कायद्याची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला त्यातला रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत वळवून घेण्याची वाटही २०२०च्या दुरुस्तीनं बंद केली आहे.