कॅशेवर रागावू नकोस

चि. ओंकार यास,


तुझा परवाचा निरोप वाचला. डॉकरफाईलमध्ये 'एपीटी-गेट अपग्रेड'ची ओळ असूनही स्कॅनरने इमेजमध्ये ओपनएसएसएलची जुनी, सदोष आवृत्ती दाखवली आणि वैतागून तू सगळ्या पाइपलाइनला 'नो-कॅशे' लावून टाकलंस. आता प्रत्येक बिल्डला वीस मिनिटं लागतात आणि टीममधले लोक तुझ्यावर चिडलेत. फोनवर सांगता आलं असतं, पण हे लिहिलेलंच बरं. अडलं की पुन्हा काढून वाचता येईल.

कॅशेने तुला फसवलेलं नाही. तो काय बघतो एवढं नीट समजून घे. 'रन'ची ओळ आली की बिल्डर दोनच गोष्टी तपासतो: ओळीतला मजकूर तोच आहे का, आणि तिच्या आधीची लेअर तीच आहे का. दोन्ही जुळलं की पूर्वी तयार झालेली लेअर उचलून लावतो, ओळ चालवतच नाही. डेबियनच्या भांडारात काल नवा पॅच आला हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. तुझी अपग्रेडची ओळ एकदा चालली आणि तेव्हापासून तिच्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही, म्हणून ती पुन्हा चालली नाही. 'कॉपी'चा हिशेब वेगळा. तिथे फाईलच्या आतल्या मजकुराचा चेकसम घेतला जातो. फाईलची तारीख बदलून काही होत नाही, पण एक स्वल्पविराम बदलला तरी लेअर मोडते. आणि एक मोडली की तिच्यानंतरच्या सगळ्या नव्याने बनतात.

म्हणजे जे फाईलमध्ये लिहिलेलं आहे तेवढंच कॅशेला दिसतं, बाहेरचं जग दिसत नाही. म्हणून तू बाहेरून जे जे आणतोस, ते नेमकं कोणतं आणि कोणत्या आवृत्तीचं, हे फाईलमध्ये लिहायची सवय लाव. ओळींचा क्रम त्यानंतर.

एपीटीचंच घे. तू अपडेट एका 'रन'मध्ये आणि इन्स्टॉल दुसऱ्या 'रन'मध्ये लिहिलं आहेस. उद्या कोणी इन्स्टॉलच्या यादीत 'कर्ल' वाढवेल. ती ओळ बदलली म्हणून चालेल. वरची अपडेटची ओळ मात्र कॅशेतून येईल, म्हणजे पॅकेजांची अनुक्रमणिका तीन महिन्यांपूर्वीची. तिच्यातली आवृत्ती भांडारातून निघून गेलेली असेल, तर बिल्ड ४०४ दाखवून पडेल. पडला तर उत्तमच. न पडता गुपचूप जुनं पॅकेज आलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. दोन्ही आज्ञा एकाच 'रन'मध्ये, दोन अँपरसँडनी जोडून लिही आणि अनुक्रमणिकेच्या फाईली त्याच ओळीत पुसून टाक. पुढच्या ओळीत पुसल्या तर त्या फक्त दिसेनाशा होतात. आधीच्या लेअरमध्ये त्या असतातच आणि इमेजचं वजनही कमी होत नाही. पासवर्ड किंवा टोकनच्या बाबतीत तर ही गोष्ट फार महागात पडते. कॉपी करून नंतर पुसलेलं टोकन इमेज हाती आलेला कोणीही काढू शकतो. त्यासाठी 'सीक्रेट माउंट' वापर.

आता नोडचा भाग. तुझ्याकडे आधी सगळा कोड कॉपी होतो आणि मग 'एनपीएम इन्स्टॉल' चालतं. त्यामुळे रीडमीतली वेलांटी सुधारली तरी शेकडो पॅकेजं पुन्हा उतरतात. आधी फक्त 'पॅकेज डॉट जेसन' आणि लॉकफाईल कॉपी कर, मग 'एनपीएम सीआय', आणि बाकीचा कोड त्यानंतर. 'इन्स्टॉल' नको, 'सीआय'च हवं. ते लॉकफाईलमध्ये आहे तेच बसवतं, आणि दोन फाईलींचा मेळ बसला नाही तर सरळ थांबतं. लॉकफाईल नसेल आणि आवृत्तीच्या आधी कॅरेट असेल, तर तुझ्या यंत्रावर कॅशेतली जुनी पॅकेजं येतात आणि शेजारच्या नव्या यंत्रावर आज निघालेली. कमिट एकच, इमेज दोन. अशा ठिकाणी कॅशे ज्या दिवशी साफ होतो तोच अपडेटचा दिवस ठरतो, आणि तो कोणीच ठरवलेला नसतो. मला सगळ्यात जास्त भीती याच कारभाराची वाटते.

अपडेट ठरवून व्हायला हवेत. बेस इमेज टॅगवर न सोडता डायजेस्टने बांध. रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट नवं डायजेस्ट आलं की पुल रिक्वेस्ट टाकतात. ती मर्ज झाली की 'फ्रॉम'ची ओळ बदलते, नंतरच्या सगळ्या लेअर मोडतात आणि तुझं अपग्रेडही आपोआप पुन्हा चालतं. शिवाय आठवड्यातून एकदा, रात्री, 'पुल' आणि 'नो-कॅशे' लावून पूर्ण बिल्ड होऊ दे. त्या 'नो-कॅशे'ची जागा तिथे आहे, दिवसभराच्या बिल्डमध्ये नाही.

वेग ही चैन नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतलं भगदाड उघडं पडलं, तेव्हा त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार दुरुस्त्या आल्या. ज्यांच्या डॉकरफाईलचा क्रम नीट होता त्यांना दर वेळी एक ओळ बदलून काही मिनिटांत नवी इमेज मिळाली असणार. वीस मिनिटांच्या बिल्डला सर्व्हिसच्या संख्येने गुणून बघ.

पण नवं ते सुरक्षित असंही धरू नकोस. सप्टेंबर २०२५ मध्ये एका देखभालकर्त्याला खोट्या ईमेलने फसवून 'चॉक' आणि 'डीबग' या एनपीएम पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या प्रसिद्ध केल्या गेल्या. जगभर वापरली जाणारी पॅकेजं ही. काही तासांतच त्या काढल्या गेल्या, पण तेवढ्या वेळात ज्यांनी लॉकफाईलशिवाय बिल्ड चालवला त्यांच्या घरात त्या शिरू शकत होत्या. म्हणून रेनोव्हेटमध्ये साध्या अपडेटसाठी काही दिवस थांबायची सोय आहे, ती चालू कर. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना ती लावू नकोस. त्या आल्या की तपासून लगेच घे.

पॅकेजं उतरवण्याचा वेळ तरीही खटकत असेल तर बिल्डकिटचा 'कॅशे माउंट' बघ. डॉकर इंजिन २३.० पासून लिनक्सवर बिल्डकिटच मुळात चालू असतं. लेअर मोडली तरी उतरवलेल्या फाईली शिल्लक राहतात, त्यामुळे बदललेलं तेवढंच नव्याने येतं.

टीममधल्या चिडलेल्या लोकांशी वाद घालत बसू नकोस. क्रम बदलून दोन्ही बिल्डचे लॉग शेजारी ठेव आणि दाखव. त्याआधी एक काम आजच कर: लॉकफाईल रिपॉझिटरीत आहे का, आणि ती डॉकरइग्नोरमध्ये तर गेली नाही ना, ते बघ. तुझ्या निरोपात तिचा उल्लेख कुठेच नाही. काय निघालं ते मला रात्रीपर्यंत कळव.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या