फ्रिगेट : सागरी मार्गांची राखण करणारी युद्धनौका

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. त्यांना समुद्रकिनारा लाभलेला नाही. तथापि, मोखाड्याला पाणी देणारी वैतरणा ज्या त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते, तेथेच गोदावरीचाही उगम आहे. या गोदावरीचे नाव भारतीय नौदलाने एका फ्रिगेटला दिले होते.

शिडांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत

अठराव्या शतकातील फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांची व तोफांचा एकच मुख्य मजला असलेली वेगवान नौका. दोन-तीन मजली अवजड युद्धनौका समोरासमोर झुंजत. शत्रूचा माग काढणे, निरोप पोहोचविणे आणि व्यापारी गलबतांना सोबत करणे ही कामे फ्रिगेटकडे असत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगत आहे.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांपासून व्यापारी ताफ्यांचे रक्षण करणाऱ्या नौकांना हेच जुने नाव पुन्हा देण्यात आले. पुढे विमाने आणि क्षेपणास्त्रे यांच्याशी सामना करण्याचे कामही फ्रिगेटकडे आले.

‘खुकरी’चे बलिदान

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीच्या शोधात निघालेल्या ‘खुकरी’ या फ्रिगेटलाच ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीराने बुडविले. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी अखेरपर्यंत नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. पाणबुडीचा सुगावा दुरूनच लागणे किती निकडीचे असते, हे या घटनेने दाखवून दिले.

स्वदेशी बांधणी

मुंबईच्या माझगाव गोदीत ब्रिटिश आराखड्यावरून बांधलेली ‘निलगिरी’ ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. त्या अनुभवाच्या बळावर नौदलाने स्वतः आराखडा तयार केला आणि त्यातून ‘गोदावरी’ साकारली. १० डिसेंबर १९८३ रोजी सेवेत आलेल्या या नौकेवरून दोन सी किंग हेलिकॉप्टरे उड्डाण करू शकत. हेलिकॉप्टर नौकेपासून दूर जाऊन ध्वनिशोधक यंत्र पाण्यात सोडते. त्यामुळे पाणबुडी जवळ येण्यापूर्वीच तिचा ठाव घेता येतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधील उठाव फसल्यानंतर ओलिसांसह पळणारे जहाज अडविण्याच्या कामगिरीत ‘गोदावरी’ होती. २०१५ मध्ये ती निवृत्त झाली. त्याच गोदीत बांधलेली नवी ‘निलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली.

देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग सागरी मार्गानेच येतो. मोखाड्याच्या घाटातून धावणारी एसटी असो वा शेतावरचा डिझेल पंप, त्यांचे इंधन या मार्गांवर अवलंबून आहे. दुसरीकडे, ज्या मुंबईत या नौका घडतात, तिची तहान भागविण्यात मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचा वाटा आहे. डोंगर आणि सागर यांचे हे परस्परावलंबन शिक्षकांनी नकाशाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना समजावून दिल्यास, किनाऱ्यापासून दूर असलेल्या शाळेतही नौदलाचे महत्त्व सहज उमगेल.