शेत कोणाचे, कळप कोणाचा?

माणूस गाव वसवून राहू लागला, शेती करू लागला, गुरे पाळू लागला, तेव्हापासून त्याचे शेजाऱ्याशी तंटेही होऊ लागले. तंटे मिटवण्यासाठी नियम हवे होते आणि ते नियम सर्वांना पटायलाही हवे होते. प्रस्तुत पाठात एका साध्या तंट्याच्या आधारे कायदा आणि न्याय यांची ओळख करून दिली आहे.

मुलांनो, १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली. आज येथे उंच इमारती, चाळी आणि दुकाने दिसतात. परंतु घरातील वृद्ध माणसांना विचारा. ते तुम्हांला भाताच्या खाचरांच्या आणि चरायला जाणाऱ्या गुरांच्या आठवणी सांगतील. गुरे आणि शेत जवळजवळ असली की एक तंटा ठरलेलाच. एकाचे जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरते आणि उभे पीक खाऊन टाकते. आता नुकसान कोणी भरून द्यायचे?

हा तंटा फार जुना आहे. पवित्र कुरआनात सूरह अंबियामध्ये त्याचा थोडक्यात उल्लेख आहे. भाष्यकारांनी ती कथा सविस्तर सांगितली आहे. हजरत दाऊद (अ.) हे पैगंबर होते आणि राजेही होते. त्यांच्यापुढे दोन माणसे आली. एक शेतकरी होता, दुसरा मेंढपाळ. मेंढपाळाच्या मेंढ्यांनी रात्री शेतात शिरून सारे पीक फस्त केले होते. जेवढे नुकसान झाले, जवळजवळ तेवढीच मेंढ्यांची किंमत होती. म्हणून हजरत दाऊद (अ.) यांनी मेंढ्या शेतकऱ्याला द्याव्यात असा निर्णय दिला.

हा निर्णय चुकीचा नव्हता. नुकसान आणि भरपाई यांचा मेळ बसत होता. पण मेंढपाळ मात्र कायमचा कंगाल होणार होता. तेव्हा त्यांचे पुत्र हजरत सुलेमान (अ.) यांनी दुसरा उपाय सुचवला. मेंढ्या काही काळ शेतकऱ्याकडे राहाव्यात. त्याने त्यांचे दूध आणि लोकर घ्यावी. तोवर मेंढपाळाने ते शेत कसावे. पीक पूर्वीसारखे उभे राहिले की शेत शेतकऱ्याला आणि मेंढ्या मेंढपाळाला परत मिळाव्यात. वडिलांनी मुलाचा हा सल्ला आनंदाने मान्य केला.

या निर्णयात शेतकऱ्याचे नुकसान भरून निघाले. मेंढपाळाला आपल्या हलगर्जीपणाची किंमत मोजावी लागली, पण त्याचे पोटही तुटले नाही. शिवाय दोघेही पुन्हा शेजारी म्हणून राहू शकले.

हाच तंटा जगात इतरत्रही आढळतो. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोन येथे हम्मुराबी नावाचा राजा होता. त्याने आपले कायदे एका काळ्या दगडी स्तंभावर कोरून घेतले. हा स्तंभ १९०१-०२ च्या सुमारास इराणमधील सूसा येथे सापडला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. शेतमालकाला न विचारता मेंढ्या चारणाऱ्या मेंढपाळाने त्याला ठरावीक माप धान्य द्यावे, असा एक नियम त्यावर आहे. स्तंभाच्या माथ्यावर एक चित्र कोरले आहे. त्यात न्यायदेवता शमश आसनावर बसली आहे आणि राजा तिच्यापुढे उभा आहे. कायदा राजापेक्षा मोठा आहे, हेच जणू ते चित्र सांगते. हजरत मूसा (अ.) यांच्या तौरातमध्येही अशी आज्ञा आढळते. ज्याची जनावरे दुसऱ्याचे शेत चरतील, त्याने आपल्या शेतातील उत्तम पीक भरपाई म्हणून द्यावे.

आपल्या देशातही याचा बारकाईने विचार झाला होता. याज्ञवल्क्यस्मृती या प्राचीन संस्कृत ग्रंथात असे नियम आहेत. म्हशीने पीक खाल्ले तर आठ माष दंड, गाईने खाल्ले तर चार माष आणि शेळी किंवा मेंढी असेल तर दोन माष. जनावर पीक खाऊन तेथेच बसले तर दंड दुप्पट! मात्र शेत रस्त्याच्या कडेला किंवा गावच्या कुरणाला लागून असेल आणि जनावर नकळत शिरले असेल, तर दोष धरला जात नसे. पण कोणी मुद्दाम जनावर सोडले, तर त्याला चोरासारखी शिक्षा होई. चूक आणि खोडसाळपणा यांतील फरक त्या काळच्या लोकांनी ओळखला होता. या ग्रंथावर विज्ञानेश्वर यांनी 'मिताक्षरा' नावाची प्रसिद्ध टीका लिहिली. ते चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे राहत. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. पुढे इंग्रजांच्या न्यायालयांतही वारसाहक्काचे खटले चालवताना 'मिताक्षरे'चा आधार घेतला जाई.

इंग्रजांच्या काळात, १८७१ साली, दुसऱ्याच्या शेतात शिरणाऱ्या गुरांविषयी वेगळा कायदा झाला. शेतकऱ्याने असे जनावर पकडावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे. मालकाने दंड आणि खुराकीचा खर्च भरून ते सोडवून न्यावे. जनावर विनाकारण पकडले असेल तर मालकालाही दाद मागता येई. म्हणजे कायद्याने दोन्ही बाजूंचा विचार केला होता. जनावराला मारू नये, मालकाशी मारामारी करू नये, म्हणून तर कोंडवाडा!

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्याकडे ना शेत आहे, ना मेंढ्या. आम्हांला या कथांचा काय उपयोग?" तर मग चाळीतले एक उदाहरण घ्या. वरच्या घरातील मोरी गळते आणि खालच्या घराचे छत ओले होते. खालच्या घरात लहान मूल आजारी आहे. वरच्या घरातील माणूस रोजंदारीवर काम करतो. त्याच्याजवळ एकदम एवढे पैसे नाहीत. आधी बोलाचाली होते, मग शिवीगाळ आणि मग हातघाई. एका रात्रीच्या रागापायी एखादा तरुण पोलीस ठाण्यात बसतो आणि त्याची परीक्षा बुडते. गळती मात्र तशीच राहते!

येथे हजरत सुलेमान (अ.) यांचा निर्णय आठवा. ज्याच्यामुळे नुकसान झाले त्यानेच ते दुरुस्त करावे, पण त्याला तेवढी सवड द्यावी. दोन्ही घरांचे म्हणणे ऐकून कोणीतरी शांतपणे मार्ग सुचवावा. सोसायटीतील वडीलधाऱ्यांना हे जमले तर उत्तमच. नाही जमले तर कायद्याचा दरवाजा उघडा आहे. ९ नोव्हेंबर १९९५ पासून विधी सेवा प्राधिकरण कायदा देशात लागू झाला. त्यानुसार स्त्रिया व मुले यांना, तसेच अल्प उत्पन्न असलेल्या लोकांना मोफत कायदेशीर मदत मिळते. लोकअदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीने तडजोड होते आणि तिला न्यायालयाच्या निकालाइतकीच किंमत असते.

पूर्वी लोक म्हणत, कायदा वरून आला आहे, म्हणून राजानेही तो पाळावा. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशात राज्यघटना अमलात आली. ती आपण भारताच्या लोकांनीच स्वतःला दिली आहे. म्हणून ती पाळण्याची जबाबदारीही आपलीच. नियम पुस्तकात लिहून ठेवता येतो. पण शेतकऱ्याचे दुःख आणि मेंढपाळाची अडचण एकाच वेळी समजून घेणारे मन आपल्यालाच तयार करावे लागते.

शब्दार्थ

तंटा – भांडण, झगडा
खाचर – भात लावण्यासाठी बांध घातलेले शेत
फस्त करणे – खाऊन संपवणे
हलगर्जीपणा – बेपर्वाई
माष – प्राचीन काळचे लहान नाणे
टीका – (येथे अर्थ) ग्रंथाचे स्पष्टीकरण, शरह
कोंडवाडा – मोकाट गुरे कोंडून ठेवण्याची सरकारी जागा
खुराकी – खाण्याचा खर्च
दाद मागणे – न्याय मागणे
मोरी – घरातील आंघोळीची व भांडी घासण्याची जागा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हजरत दाऊद (अ.) यांनी कोणता निर्णय दिला?
(आ) हम्मुराबीचा स्तंभ कोठे सापडला?
(इ) 'मिताक्षरा' ही टीका कोणी लिहिली?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हजरत सुलेमान (अ.) यांच्या उपायामुळे दोन्ही पक्षांचा कोणता फायदा झाला?
(आ) नकळत झालेली चूक आणि मुद्दाम केलेली खोडी यांत याज्ञवल्क्यस्मृती कोणता फरक करते?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
दाद मागणे, मार्ग सुचवणे, नुकसान भरून देणे.

भाषेची गंमत : कायदा, वकील, फिर्याद, दावा, जामीन हे मराठी शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. उर्दूत 'कायदा' म्हणजे नियम किंवा लहान मुलांचे पहिले पुस्तक. मराठीत त्याचा अर्थ 'कानून' असा होतो. असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचे दोन्ही भाषांतील अर्थ लिहा.

उपक्रम : वर्गात दोन गट करा. एका गटाने वरच्या घराची, दुसऱ्याने खालच्या घराची बाजू मांडावी. तीन विद्यार्थ्यांनी पंच होऊन निर्णय द्यावा आणि त्याची कारणे फळ्यावर लिहावीत.